पुढच्या ॲक्सलचा प्रश्न

मी ट्रक बांधायला काढला आहे असं आंजर्ल्यात कळलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो रंगाचा. दुसरा, मागे काय लिहिणार. 'आईचा आशीर्वाद' की 'कड्यावरचा गणपती प्रसन्न' यावरून आमच्या पडवीत सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, आंजर्ल्याचा ट्रक म्हटल्यावर गणपती हवाच. दुसऱ्याचं म्हणणं, गणपती पुढे काचेवर असतो, मागे आईच असते. देवाला धुराच्या तोंडाशी बसवत नाहीत. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. 'बघतोस काय रागाने' सुचवणाऱ्या एका तरुणाला ज्येष्ठांनी गप्प केलं. ट्रक केवढा आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. ट्रक एक हात लांबीचा होता.

म्हणजे व्हायचा होता. रिमोटवर चालणारी टाटा ४०७, एकास दहा मापाची. १९८६ साली ही गाडी बाजारात आली आणि कोकणाने ती दत्तक घेतली. आमच्याकडे घर बांधायचं ठरलं की आधी जांभ्याचे चिरे घेऊन ४०७ येते, मग मुहूर्त काढतात. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, भाद्रपदात गणपती, मार्गशीर्षात वऱ्हाड आणि एरवी वर्षभर चिरे, एवढं वाहून पुन्हा ती अंगणात फणसाखाली उभी राहते तेव्हा तिच्या हौद्यात कोंबडी बसलेली असते. अशा गाडीची प्रतिकृती करावी असं निवृत्त माणसाला वाटलं, तर त्यात गैर काही नाही. निदान मला तसं वाटत होतं. घरच्यांचं मत वेगळं आहे. ते यथावकाश येईलच.

तर रंग आणि आशीर्वाद यांची काळजी गावाने घेतली. ॲक्सलची काळजी करायला मी एकटा उरलो.

अडचण अशी की खऱ्या ४०७ चा पुढचा ॲक्सल घरी आलेल्या जावयासारखा असतो: पुढे असतो, दिशा दाखवतो, ओढत काही नाही. घडीव पोलादाची एक आडवी तुळई, वर कमानपाटे, टोकांना वळणारी चाकं. बस्स. इंजिनाची सगळी ताकद लांब शाफ्टमधून मागे जाते, तिथे क्राउन आणि टेलपिनियन तिला काटकोनात वळवून मागच्या जोडचाकांना देतात. आणि छंदाच्या बाजारात मिळतात ते बहुतेक ॲक्सल खडकावर चढणाऱ्या जीपगाड्यांचे. ॲक्सियल नावाच्या अमेरिकन कंपनीची एससीएक्स१० ही गाडी आली आणि तेव्हापासून या क्षेत्रातल्या जगभरच्या काका लोकांना दगडावर चढायचंच वेड लागलं. त्यांच्या गाड्यांचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल ओढतात. नुसता भार उचलणारा, निरुपद्रवी, मध्यमवर्गीय ॲक्सल त्यांना विकायचाच नसतो. जपानच्या तामिया कंपनीचे मालवाहू ट्रक आहेत, त्यांना मागे जोडचाकंही असतात. पण ते एकास चौदा मापाचे. जीपवाले एकास दहा, ट्रकवाले एकास चौदा, आणि आमची ४०७ दोन्ही घरची पाहुणी.

पुण्याचे एक स्नेही याच छंदातले आहेत. त्यांना शंका विचारली की शंका फिटत नाही, शिस्त वाढते.

"पुढे ओढणारा ॲक्सल? ४०७ ला?" त्यांनी फोनवर चष्मा काढल्याचं मला इथून ऐकू आलं. "मग तिला ४०७ म्हणू नका."

"पण खाली वाकून बघणार कोण?"

"मी बघेन."

"तुम्ही पुण्यात असता."

"फोटो पाठवा ना."

उलट पक्षात माझा ठाण्याचा भाचा. त्याचं म्हणणं, "मामा, दारात समुद्र आहे. वाळूत दोन चाकं ओढणारी गाडी नेलीत तर ती तिथेच राहील. तुम्हाला ट्रक हवाय की स्मारक?" यावर मी अभ्यास करून एक पळवाट काढली. ४०७ ची चारही चाकं ओढणारी आवृत्तीही निघाली होती! मी विजयी मुद्रेने पुण्याला फोन लावला. पलीकडून थंडपणे विचारणा झाली, "ती तुमच्याकडे चिरे वाहते का?" नाही वाहत. फोन ठेवला.

हे फोन मी पडवीतून करायचो, कारण आमच्याकडे मोबाइलला रेंज पडवीच्या एका खांबाशीच येते. त्यामुळे ॲक्सलची निवड ही आपोआप सार्वजनिक बाब झाली. बाजारातल्या या ॲक्सलना नावं असतात ती आकड्यांची: एआर ४४, एआर ४५, के ४४. एका संध्याकाळी मी भाच्याला सांगत होतो, "चव्वेचाळीसचा जरा रुंद वाटतो रे. पंचेचाळीसचा उंच आहे, पण आपल्याकडे शोभेल का?" फोन ठेवला तर शेजारच्या वहिनी गडग्यापलीकडे सुपाऱ्या सोलत्या हातांनी थांबलेल्या.

"कोणासाठी बघताय?"

"ट्रकसाठी."

"अगोबाई, ड्रायव्हर आहे होय! पण चव्वेचाळीस म्हणजे वय जरा जास्तच. पहिलं लग्न ना?"

मी पुष्कळ खुलासा केला. त्याचा उपयोग एवढाच झाला की पुढच्या आठवड्यात केळशीहून एक पत्रिका आली.

रुंदीचा प्रश्न मात्र खरा होता. ॲक्सल रुंद निघाला तर चाकं हौद्याबाहेर येतात आणि ट्रक फेंगडा दिसतो. अरुंद निघाला तर वळणावर कलंडतो. म्हणजे खऱ्या गाडीची रुंदी मोजायला हवी. चहाच्या टपरीसमोर चिऱ्यांनी भरलेली एक ४०७ उभी होती. मी मोजपट्टी घेऊन तिच्याखाली शिरलो. जांभ्याच्या लाल मातीने पाच मिनिटांत माझा सदरा भगवा झाला. पाय बाहेर राहिले होते, त्यावरून माणूस आत आहे एवढं लोकांना कळत होतं. भोवती गर्दी जमली. कोणीतरी "अपघात" म्हणालं, कोणी "आरटीओ" म्हणालं. दुसरा शब्द ऐकताच ड्रायव्हर चहा टाकून धावत आला.

"साहेब, कागद सगळे आहेत."

"कागद नकोत. पट्टीचं ते टोक धरा."

त्याने धरलं. आरटीओचा माणूस नाही हे कळल्यावर त्याच्या आवाजातला साहेब गेला आणि काका आला. "काका, कशाला मोजताय?"

"असाच ट्रक करतोय. दहाव्या मापाचा."

"किती लोड घेणार?"

हा प्रश्न मला इतका आवडला की मी खालूनच उत्तर द्यायला लागलो. लांबी दहावा भाग, रुंदी दहावा भाग, उंची दहावा भाग, म्हणजे वजन हजारावा भाग. तीस किलोचा चिरा धरला तर आपला चिरा तीस ग्रॅमचा. "तुमच्या गाडीची क्षमता कागदावर अडीच टनांच्या आसपास असेल, तर माझी अडीच किलो."

"कागदावर," असं म्हणून तो एवढा हसला की पट्टी सुटली आणि सळसळत येऊन माझ्या नाकावर बसली. आकडा गेला. पुन्हा मोजलं, तर टपरीवाल्याने सांगितलं की चाकावर मातीचा थर आहे, तो वजा करा. एकाने मधल्या बाजूने मोजायला सांगितलं, एकाने बाहेरच्या. एक सद्गृहस्थ म्हणाले, इंचांत मोजा, इंग्रजांचं माप खोटं निघत नाही. शेवटी एकशे नव्वद सेंटिमीटरच्या आसपास काहीतरी पदरात पडलं. दहाने भागून एकोणीस. बाजारातले बहुतेक ॲक्सल चाकं लावल्यावर त्याहून रुंद. चाकंही तशीच: खऱ्याचं चाक पाऊण मीटरच्या थोडं वर, म्हणजे आपल्याला आठ सेंटिमीटरचं हवं, आणि खडकावरच्या गाड्यांची असतात दहा-बारा सेंटिमीटरची. ती लावली तर आमची ४०७ आंबे न्यायला निघालेली न वाटता निवडणुकीच्या मिरवणुकीला निघालेली वाटली असती.

मग डिफरन्शियलचा अध्याय. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एकाला फरफटत जावं लागतं. यावर १८२७-२८ च्या सुमारास पेक्युर नावाच्या फ्रेंच माणसाने दातेरी चाकांची अशी जुळणी काढली की दोन्ही चाकांना ताकद मिळावी आणि तरी ज्याने त्याने आपापल्या गतीने फिरावं. फार उदार व्यवस्था. पण वाळूत एक चाक मोकळं फिरायला लागलं की सगळी ताकद त्या उनाडाकडे जाते आणि जमिनीवर घट्ट उभं असलेलं सज्जन चाक नुसतं बघत राहतं. म्हणून खडकावर चढणाऱ्या छोट्या गाड्यांत डिफरन्शियल मुद्दाम जाम केलेला असतो. मग गाडी चढते, पण वळत नाही. आंजर्ल्याच्या बोळांतून, दोन्ही बाजूंनी गडगे असताना, न वळणारा ट्रक म्हणजे रोज एक चिरा पाडून येणार. तिसरा पर्याय आहे: ट्रॅक्सस कंपनीची २०१७ सालची टीआरएक्स-४ पाहा, तिच्यात रिमोटवरून हवं तेव्हा जाम, हवं तेव्हा मोकळं. हा पर्याय उत्तम असल्यामुळे त्याची किंमत मी घरात उच्चारलेली नाही.

नव्वदीकडे झुकलेले आमचे अण्णा हे सगळं ओटीवर बसून ऐकत होते. मी त्यांना क्राउन आणि पिनियन हातात दिलं. त्यांनी ते फिरवून बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "हा तर रहाट."

"कसला रहाट, अण्णा? हे अमेरिकेहून आलंय."

"आगरात होता आपल्या. आडवं चाक बैल फिरवायचा, त्याचे दात उभ्या चाकात बसायचे. गाडगी वर यायची. तेच हे. आपलं लाकडाचं होतं, तुझं लोखंडाचं."

गोष्ट अगदी बरोबर होती, म्हणून जरा झोंबली. मी वळणाची अडचण सांगितली. मोकळा ठेवावा तर वाळूत रुततो, जाम करावा तर वळत नाही.

"बैलाचं कधी अडलं नाही."

"बैल गोल फिरायचा, अण्णा."

"मग तूही गोल फिरव. एकदा डावीकडे वळवून ठेव. जाऊन जाऊन कुठे जायचंय तुला?" थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, "पाणी किती काढतो?"

पाणी काढत नाही म्हटल्यावर त्यांनी पिनियन परत दिलं.

याच सुमारास मला पोर्टल ॲक्सलचा मोह पडला. यात ॲक्सलची नळी चाकाच्या मध्याहून वर असते आणि टोकाला खाली उतरणारे गिअर असतात, त्यामुळे गाडीचं पोट जमिनीपासून उंच राहतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतकऱ्यांसाठी युनिमॉग नावाचं वाहन काढलं, त्याला असे ॲक्सल होते. आणि त्याच्या डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर ठेवलं होतं १,२७० मिलिमीटर, म्हणजे बटाट्याच्या बरोबर दोन ओळी. हे वाचल्यावर मी रात्रभर अंथरुणात तळमळलो. बटाट्यांचा इतका विचार करणारा देश! आपल्या ४०७ ची रुंदी कशावरून ठरली असेल? सकाळी आगरात जाऊन पोफळींच्या दोन ओळींमधलं अंतर मोजलं. दोन ठिकाणी दोन निघालं. पणजोबांनी पोफळी लावताना पुढच्या पिढीच्या ॲक्सलचा काही विचार केलेला नव्हता. पुण्याला विचारलं. उत्तर आलं, "४०७ ला पोर्टल?" एवढंच, पण प्रश्नचिन्ह मोठं होतं.

गावाजवळच्या मुर्डीत श्री. ना. पेंडसे जन्मले. त्यांच्या 'रथचक्र'ला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चाकाला मराठी साहित्यात एवढा मान आहे; ज्याच्यावर ते फिरतं त्याच्याकडे कोणी ढुंकून बघितलेलं नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या ग्रंथाची मी प्रस्तावना लिहायला घेतली होती. ती बायकोने वाणसामानाच्या यादीसाठी उलटी वापरली.

अखेर मागचा ॲक्सल मागवला. निदान मागे ओढणारा हवा यावर पुणे आणि ठाणे यांचं एकमत होतं. असे योग फार येत नाहीत. जोडचाकांसाठी वेगळे हब, बारा मिलिमीटरच्या षट्कोनी खाचेचे, असं सगळं परदेशातून. मग प्रश्न आला जकातीचा. आपल्याकडे २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची जकात २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० झाली. मात्र इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे सुटे भाग या शेवटच्या वाढीतून वगळले. आता माझा ॲक्सल कशाचा भाग? त्यात वीज नाही. पण तो ज्यात बसणार त्यात आहे. पण ते अजून अस्तित्वात नाही. कुठल्याशा कचेरीतून एका मुलाचा फोन आला.

"सर, आयटम काय आहे?"

"ॲक्सल."

"कशाचा?"

"ट्रकचा."

"किती टनी?"

"दोनशे ग्रॅम."

पलीकडे थोडी शांतता. "म्हणजे खेळणं ना सर?"

"खेळणं नाही. मापाबरहुकूम प्रतिकृतीचा भाग आहे."

"मुलाचं वय किती, सर?"

"कुठल्या मुलाचं?"

"खेळणाऱ्या."

"त्रेसष्ट."

त्याने फार सहानुभूतीने "ओके सर" म्हटलं आणि खेळणं असंच लिहिलं. जकात भरली. पार्सल दापोलीपर्यंत आलं आणि तिथेच बसलं, कारण आंजर्ल्याला गाडी 'लोड असला तर' येते. दोनशे ग्रॅम हा लोड नव्हे. मी एसटीने दापोलीला गेलो आणि खोकं मांडीवर घेऊन परतलो. कंडक्टरने विचारलं, "काय आहे?" मी सवयीने म्हणालो, "ट्रकचा ॲक्सल." त्याने खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या प्रवाशाला म्हणाला, "काकांना खिडकी द्या, वारा लागू दे."

ॲक्सल हाती आल्यावर त्याची वाळूत परीक्षा घ्यायला हवी. मी पहाटे किनाऱ्यावर गेलो आणि दोन्ही टोकांना चाकं लावलेला नुसता ॲक्सल दोरीने ओढत लांबवर फिरलो. किती रुततो, कसा वळतो, सगळं वहीत टिपलं. परत येताना पाहतो तो कासवांचं काम करणारी दोन तरुण मुलं माझ्या खुणांवर ओणवी. आमच्याकडे ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. ही मुलं पहाटे वाळूवरच्या खुणा शोधत घरट्यापर्यंत पोचतात. त्यांनी खुणेची रुंदी मोजली होती. "पिल्लू असेल," एक म्हणत होता. "पिल्लू समुद्राकडे जातं रे. हे समांतर गेलंय. आणि मध्ये दोनदा थांबून वळलंय. काहीतरी ठरत नाहीये त्याचं." मी दोरी खिशात घातली आणि समोर आलो. मुलं सुसंस्कृत होती; घरट्यांच्या बाजूला येऊ नका एवढंच म्हणाली.

तेवढ्यात पुढून हाका आल्या. मुंबईचं एक कुटुंब भलीमोठी गाडी घेऊन थेट लाटांपर्यंत गेलं होतं आणि तिथेच बसलं होतं. पुढची चाकं बुडाली होती, भरती लागली होती.

"काका, फोर बाय फोर आहे, तरी निघत नाही हो!"

ॲक्सलच्या विषयात मला कोणी आपणहून विचारावं, अशी वेळ पहिल्यांदाच येत होती. मी गुडघे टेकून खाली पाहिलं. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नव्हता.

"ही पुढून ओढणारी आहे. मागचा ॲक्सल नुसता सोबतीला."

"अहो, असं कसं? मागे लिहिलंय!"

"ते स्टिकर आहे."

"शोरूममध्ये सहा रंग दाखवले आम्हाला," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "आणि सनरूफ."

मी त्यांना डिफरन्शियल समजावून सांगायला घेतला. खिशातून पिनियन काढून दाखवलं. पेक्युरपर्यंत आलो तेव्हा पाणी हबपर्यंत आलं होतं. गृहस्थ ऐकत होते, कारण त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. असा श्रोता मला घरी मिळत नाही. ट्रॅक्टरवाला आला आणि भरती बघून दर सांगितला. घासाघीस सुरू झाली. तो घाईत नव्हता. पाणी वाढेल तसा दर वाढत होता, आणि पाण्याशी घासाघीस होत नाही. शेवटी साखळी लागली, गाडी बाहेर आली. गृहस्थांनी माझे मनापासून आभार मानले आणि विचारलं, "तुमची कुठली गाडी आहे?" मी दोरी ओढून ॲक्सल दाखवला. ते लगेच निघाले.

आता ॲक्सल सांगाड्यावर बसवायचा. हे काम तीन हातांचं असतं. एका हाताने कमानपाटा दाबायचा, दुसऱ्याने ॲक्सल पाट्यावर आणायचा आणि तिसऱ्याने दीड मिलिमीटरच्या चावीने, तांदळाच्या कणीएवढा स्क्रू फिरवायचा. तिसरा हात म्हणून बायकोला बोलावलं. तिने ॲक्सलच्या भोकात बोट घालून तो जागेवर धरला.

"काढू का बोट?"

"अजिबात नको!"

मी स्क्रू शोधत होतो. तो सतरंजीत गेला होता. थोड्या वेळाने ती शांतपणे म्हणाली, "दशरथाच्या रथाचा आस मोडला तेव्हा कैकेयीने असाच हात घातला होता, नाही का?"

"हो, हो. अगदी असाच. हलू नकोस."

"दोन वर मिळाले होते तिला."

मी सतरंजीखालून म्हणालो, "माग."

"राहू देत. तिनेही लगेच नव्हते मागितले." मग तिने मोकळ्या हाताने खोकं जवळ ओढलं आणि त्यावरची इंग्रजी सूचना चष्मा सावरून वाचली. वयोगट: चौदा वर्षांवरील. "चौदा," ती म्हणाली. "आकडा तर यांनी छापूनच दिलाय."

त्या दिवसापासून मी भात गिरणीवर नेतो, नारळ वेळच्या वेळी उतरवून घेतो आणि पार्सलचा विषय काढत नाही.

तर मागचा ॲक्सल बसला. पुढचा अजून ठरायचा आहे. पुणे म्हणतं, ओढणारा नको. ठाणे म्हणतं, हवाच. मध्यममार्ग म्हणून ओढणारा घेऊन आतले गिअर काढून टाकावेत असं मी सुचवलं, तेव्हा दोन्हीकडून एकाच दिवशी फोन बंद झाले. दरम्यान पुढे ॲक्सल नसल्यामुळे ट्रक सतत नाकावर पडायचा. रंग झाला होता, मागे आई आणि पुढे काचेवर गणपती अशी तडजोडही झाली होती, पण उभा कशावर करायचा?

परवा तो चिरेवाला ड्रायव्हर आमच्या वाडीत माल टाकायला आला आणि आवर्जून ट्रक बघायला पडवीत चढला. त्याची स्वतःची गाडी मधे घाटात उभी राहिली होती, मागचा ॲक्सल मोडून.

मी उत्सुकतेने विचारलं, "मग? कुठला टाकलात?"

"होता तो."

"म्हणजे? कुठल्या मापाचा? कोणत्या..."

"दुकानात होता तो, काका. संध्याकाळी भरणा होता ना." त्याने माझा ट्रक फिरवून पाहिला, नाकावर पडलेला बघून हळहळला, खाली जाऊन आपल्या गाडीतून एक चिरा घेऊन आला आणि पुढच्या ॲक्सलच्या जागी सारून दिला. ट्रक समतल उभा राहिला. दोन पावलं मागे जाऊन त्याने मान डोलावली. "आता बरोबर. मागल्या पावसाळ्यात आमची चार महिने अशीच उभी होती. अगदी खरी वाटते."

खऱ्या ४०७ च्या ड्रायव्हरने दिलेला दाखला म्हटल्यावर मी तिथल्या तिथे फोटो काढला आणि खांबाशी उभं राहून पुण्याला पाठवला. उत्तर यायला मुळीच वेळ लागला नाही.

"चिरा मापात नाही."